वाटांचे नवे दफ्तर

अहिल्यानगर शहरातून निघणाऱ्या दोन महामार्गांच्या, म्हणजे राहुरी-कोल्हारवरून मनमाडकडे जाणाऱ्या आणि घोडेगाव-नेवासे फाट्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या बेचक्यात नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव वसले आहे, आणि या स्थानामुळेच नकाशाचा प्रश्न येथे शहरातल्यापेक्षा अधिक निकडीचा होऊन बसला आहे. शिर्डीचे दर्शन आटोपून शनिशिंगणापूरला निघालेला यात्रेकरू राहुरीहून आत वळतो आणि सोनई ओलांडून पाच-सहा किलोमीटरवरील शनीच्या चौथऱ्यापाशी पोहोचतो. गळिताच्या हंगामात मुळा सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या त्याच डांबरी रस्त्यावर त्याला आडव्या येतात. घोडेगावच्या बाजारात कांदा नेणारे टेम्पो, शाळा-महाविद्यालयांच्या गाड्या आणि अलीकडे पाठीवर भली मोठी पिशवी घेऊन वस्त्या शोधत फिरणारी पार्सलवाली मुले, ही सारी त्या वर्दळीत भर घालतात. यांपैकी परगावचा माणूस वाट पुसण्यासाठी आता पाराशी किंवा चहाच्या हॉटेलापाशी थांबत नाही. तो हातातील फोनला विचारतो, आणि फोन सांगेल ते प्रमाण मानून गाडी हाकतो.

या फोनमध्ये उत्तर देणारा जाणकार मात्र एकच नाही. गूगल मॅप्स आहे, मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे मॅपल्स आहे, जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स व ओस्मअँड ही ॲप्स आहेत, ओला कंपनीने काढलेला नवा नकाशा आहे आणि आयफोन बाळगणाऱ्यांसाठी ॲपलचा आहे. यांची तुलना पुष्कळदा होते, परंतु ती बहुधा मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर होते, आणि तिचा निकष, कोणी किती मिनिटे वाचवली, एवढाच असतो. सोनईसारख्या गावाचा निकष निराळा असला पाहिजे, असे मला या प्रदेशातील रस्ते पाहताना सतत वाटत आले आहे. नकाशा चुकणार, हे गृहीत धरून, तो चुकला असता ती चूक कोणाच्या नजरेस आणून द्यावयाची, ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणास आहे, आणि दुरुस्त झालेली माहिती अखेर कोणाच्या मालकीची राहते, हे तीन प्रश्न या साऱ्या प्रतिस्पर्धी नकाशांना विचारल्यावाचून त्यांची प्रतवारी लावणे मला अपुरे वाटते.

तत्पूर्वी या यंत्रणेचे अंतरंग थोडे उलगडून पाहिले पाहिजे, कारण फोनवरील निळा ठिपका अचूक असला म्हणजे नकाशाही अचूक असतो, असा समज सर्वत्र रूढ आहे आणि तो घातक आहे. ठिपक्याचे स्थान पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या संदेशांवरून निघते. निदान चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांतील वेळेचा अतिसूक्ष्म फरक मोजून फोन आपले ठिकाण ठरवतो. अमेरिकेच्या लष्कराने सामान्य नागरिकांसाठी हेतुपुरस्सर ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून ही अचूकता सर्वांस उपलब्ध झाली; आपल्या इस्रोने उभारलेल्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी अवकाशात गेला, आणि आता अनेक फोन तिचेही संदेश घेतात. हा सर्व भाग निसर्गनियमांच्या आधारे चालणारा असल्यामुळे सर्व ॲप्सना जवळजवळ समान आहे. त्यांच्यातील भेद पुढे सुरू होतो. रस्ते कोठून कोठे जातात, कोठे जुळतात, कोणता एकेरी, कोणता बंद, याची एक प्रचंड जाळीदार नोंदवही बहुतेक कंपन्यांनी आपापल्या परीने तयार केलेली असते, आणि त्या जाळ्यातून सर्वांत कमी खर्चाची वाट काढण्याचे गणित यंत्र करते. त्या गणिताचे मूळ एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅममधील एका उपाहारगृहात बसून सुमारे वीस मिनिटांत मांडलेल्या रीतीत आहे. गणित निर्दोष आहे. परंतु नोंदवहीत जो रस्ता लिहिला आहे तो प्रत्यक्षात वाहता आहे की नाही, हे पडताळून पाहण्याचे साधन त्या गणिताजवळ नाही.

नोंदवही ठेवण्याची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासेजवळ आरंभलेली त्रिकोणमितीय मोजणी दख्खन ओलांडून उत्तरेकडे सरकत असताना तो २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाट येथे मरण पावला, आणि त्याची कबर तेथेच आहे. परंतु ती मोजणी साम्राज्याची होती. रयतेच्या जमिनीची मोजणी तिच्याहून निराळी. पुणे प्रांतात प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेला जमीनसाऱ्याचा पहिला बंदोबस्त फसला, आणि मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धती घालून दिली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी हाती घेऊन शेतोशेत फिरणाऱ्या मोजणीदारांनी जी टिपणे, जे गावनकाशे आणि जे आकारबंद सिद्ध केले, त्यांवर आपले महसुली दफ्तर आजही उभे आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप सोनईचा शेतकरी आजही त्याच साखळीच्या वारशाने बोलतो. त्या दफ्तरात दोष पुष्कळ होते, त्याचा हेतू सारावसुलीचा होता, आणि त्याच्या आधाराने रयतेवर जुलूमही झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यात एक गुण होता, ज्याचे महत्त्व आज नव्याने ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येक नोंदीला उत्तरदायी असा एक माणूस असे. हद्द चुकली, वाट अडवली, क्षेत्रात तफावत आली, तर कुलकर्ण्याकडे, पुढे तलाठ्याकडे, तेथून मामलेदाराकडे अर्ज करता येई; फेरफार धरला जाई, हरकती मागवल्या जात आणि निकालावर कोणाची तरी सही असे. वहिवाटीचा रस्ता अडवणाऱ्याविरुद्ध तहसीलदाराकडे दाद मागण्याची तरतूद १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात आहे, बांधावरून रस्ता मिळवण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, आणि या दोन्हींखालील प्रकरणे आजही प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत चालू असतात.

आता या पार्श्वभूमीवर गूगलचा नकाशा पाहू. सिडनी येथील एका लहानशा कंपनीचे, लार्स व येन्स रासमुसेन या बंधूंसह चौघांचे काम गूगलने २००४ मध्ये विकत घेतले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स लोकांपुढे आले. भारतासारख्या देशातील लहान गावांच्या रस्त्यांचा पद्धतशीर नकाशा तेव्हा सहज उपलब्ध नव्हता, आणि येथेच या इतिहासातील मला सर्वांत मोलाचे वाटणारे प्रकरण सुरू होते. गूगलच्या भारतातील कार्यालयात काम करणाऱ्या ललितेश कत्रगड्डा आणि संजय जैन या अभियंत्यांनी मॅप मेकर नावाचे साधन घडवले, ज्यात कोणीही नागरिक आपल्या गावातील रस्ता, देऊळ, शाळा, ओढा स्वहस्ते काढू शकत असे. २००८ मध्ये ते खुले झाले आणि भारतातील शेकडो लहान गावांचे रस्ते प्रथमच अशा नकाशात उमटले. ज्या माणसाला वाट ठाऊक आहे त्यानेच ती काढावी, हे तत्त्व किती साधे आणि किती न्याय्य होते! पुढे २०१३ मध्ये कंपनीने नकाशे भरण्याची एक स्पर्धा घेतली, तिच्यात लष्करी महत्त्वाची ठिकाणे नोंदली गेल्याची तक्रार भारतीय सर्वेक्षण विभागाने केली, केंद्रीय अन्वेषण विभागापर्यंत प्रकरण गेले, आणि अखेर ३१ मार्च २०१७ रोजी मॅप मेकरच बंद झाला. आजही गूगलला दुरुस्ती सुचवता येते. पण सुचवणे आणि लिहिणे यांत अर्जदार आणि दफ्तरदार यांच्याएवढे अंतर आहे. सुचवलेली दुरुस्ती का नाकारली, कोणी नाकारली, याचा निवाडा सुचवणाऱ्याच्या हाती पडत नाही, आणि स्वीकारली गेली तर ती कंपनीच्या मालमत्तेत जमा होते.

असे असूनही आज सोनईच्या चौकात उभे राहून पाहिले असता बहुतेक हातांत गूगलचाच नकाशा दिसतो, आणि त्याला सबळ कारणे आहेत. लाखो फोन आपले स्थान आणि वेग नकळत कळवत असल्यामुळे रस्त्यावरील खोळंबा त्याला जसा कळतो तसा इतर कोणास कळत नाही. सायमन वेकर्ट या कलावंताने २०२० मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर ९९ फोन एका हातगाडीत घालून सावकाश ओढत नेले, तेव्हा मोकळा रस्ता नकाशावर कोंडीचा लाल झाला. त्या प्रयोगाने या ज्ञानाचा उगम सर्वांसमोर उघड केला. दुचाकीसाठी निराळी वाट दाखवण्याची सोय गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम भारतातच आणली. रोमन लिपीत नोंदलेली हजारो नावे मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिप्यांत दाखवण्याचे काम २०२१ मध्ये झाले. आणि या जिल्ह्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, रस्त्यावरून चालत असल्याप्रमाणे दोन्ही बाजूंची छायाचित्रे दाखवणारी सेवा, जी २०११ मध्ये बंगळुरात पोलिसांच्या हरकतीमुळे थांबली होती, ती २७ जुलै २०२२ रोजी भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे आणि नाशिक यांच्या पंक्तीला तेव्हाचे अहमदनगरही होते. जिल्ह्याचे ठिकाण अशा रीतीने जगाला घरबसल्या दिसू लागले. तेथून मोटारीने तासाभरावर असलेल्या सोनईच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा मात्र या दहा शहरांच्या यादीबाहेर होत्या.

मॅपमायइंडिया ही कंपनी गूगलहूनही वयाने वडील आहे. राकेश व रश्मी वर्मा या दांपत्याने १९९५ मध्ये तिची स्थापना केली, प्रत्यक्ष माणसे पाठवून रस्ते आणि घरे टिपण्यावर तिचा भर राहिला, आणि अनेक मोटारींत कारखान्यातूनच बसवून येणारे नकाशे तिचे असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरील पूर्वपरवानग्यांचे जुने जोखड काढले आणि सर्वांत सूक्ष्म अचूकतेचे नकाशे करण्याची मुभा भारतीय संस्थांसाठी राखली, त्याच महिन्यात या कंपनीने इस्रोशी सहकार्याचा करार केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी तिच्या मॅपल्स ॲपची जाहीर प्रशंसा केली तेव्हा ते एकाएकी घरोघर पोहोचले. चौक आणि उड्डाणपूल यांचे त्रिमित चित्र, गतिरोधक आणि धोक्याच्या वळणांची पूर्वसूचना, टोलचा अंदाज, ही त्याची वैशिष्ट्ये महामार्गावर खरोखर उपयोगी आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून घोडेगावमार्गे शिंगणापूरला येणाऱ्या कुटुंबाला मी ते वापरून पाहण्याचा सल्ला आनंदाने देईन. परंतु स्वदेशी असणे आणि गावाला उत्तरदायी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चुकीची वाट दिल्लीतील कचेरीने दाखवली काय किंवा कॅलिफोर्नियातील कचेरीने दाखवली काय, कालव्याच्या चारीच्या चिखलात रुतलेल्या टेम्पोला त्याने फरक पडत नाही.

ओलाने जुलै २०२४ मध्ये गूगलचा नकाशा सोडून स्वतःचा वापरण्यास आरंभ केला, गूगलने लागोपाठ आपल्या भारतीय व्यावसायिक ग्राहकांसाठी दर सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवले, आणि स्पर्धेने काय साधते याचा प्रत्यय आला. तथापि ती लढाई शहरी टॅक्सीची आहे. ॲपलचा नकाशा २०१२ मध्ये इतक्या सदोष अवस्थेत बाहेर पडला की कंपनीच्या प्रमुखांना जाहीर क्षमा मागावी लागली. त्यानंतर तो पुष्कळ सुधारला, पण सोनईकडे येणाऱ्यांत त्याचा वापर तुरळक.

ओपनस्ट्रीटमॅपकडे मात्र अधिक आस्थेने पाहिले पाहिजे. स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणाने २००४ मध्ये, सरकारी नकाशे जनतेच्या पैशाने तयार होऊनही जनतेस विकत घ्यावे लागतात याच्या विरोधात, हा उपक्रम सुरू केला. येथे कोणीही खाते उघडून रस्ता काढू शकतो, प्रत्येक बदलापुढे तो कोणी व केव्हा केला याची नोंद राहते, आधीची आवृत्ती पुन्हा आणता येते, आणि साऱ्या माहितीवर कोणा एका कंपनीचा हक्क नसतो. म्हणजे आपल्या फेरफार-नोंदवहीचा स्वभाव, तलाठ्यावाचून. या माहितीवर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड ही ॲप्स एकदा महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला की इंटरनेटशिवायही वाट दाखवतात, आणि ज्यांनी नेवासे तालुक्यातील आडवळणाच्या वस्तीवर फोनची रेंज जाताना पाहिली आहे त्यांना या गुणाचे मोल सांगावे लागणार नाही. उणीव अशी की जेथे भरणारा कोणी नाही तेथे नकाशा रिता राहतो. दुकाने, दवाखाने, कार्यालये यांच्या नोंदी विरळ आहेत, रहदारीचे प्रत्यक्ष ज्ञान नाही, आणि मराठीतून नावे भरणारे हात थोडे आहेत.

आता सोनईच्या जमिनीवर येऊ. येथे मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने शेती बहरली आणि कालव्याबरोबर वाटांचे एक आगळेच विश्व निर्माण झाले. शेतकरी गावठाण सोडून आपापल्या रानात राहावयास गेला, त्या घरांच्या समूहाला त्याच्या आडनावाने वस्ती म्हणू लागले, आणि एकाच आडनावाच्या वस्त्या एकाच शिवारात चार दिशांना असू शकतात. पाटाच्या भरावावरून, चारीच्या कडेने, बांधावरून आणि शिवेवरून या वस्त्यांना जोडणाऱ्या वाटा निघाल्या. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात चारीच्या कडेची वाट सरळ, रुंद आणि मोकळी दिसते. यंत्र तिला रस्ता समजते. प्रत्यक्षात ती पाटबंधारे खात्याची देखभालीची जागा असते, ज्या ठिकाणी चारी ओलांडावयाची तेथे नळीची मोरी असेलच असे नाही, आणि मृगाचा एक पाऊस पडला की काळ्या मातीत मोटारसायकलीचे चाकसुद्धा फिरत नाही. याउलट ज्या वाटेवर मुरूम टाकून ती बारमाही केली आहे तिच्यावर दोन्ही बाजूंनी ऊस वाढला की वरून ती दिसेनाशी होते. आकाशातील डोळा ज्याला वाट म्हणतो ती पावसाळ्यात वाट नसते आणि जी खरी वाट असते ती त्याला दिसत नाही, असा हा विपर्यास आहे, आणि तो गावात राहणाऱ्या माणसावाचून कोणीही सोडवू शकणार नाही.

पार्सल घेऊन येणाऱ्या मुलांची गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. ॲप त्यांना ठिपक्यापर्यंत आणते. ठिपका चारीच्या अलीकडे आणि घर पलीकडे असते. मग फोनाफोनी होते, वस्तीवरून कोणीतरी पोरगा हाक मारत येतो, आणि काही वेळा सामान तसेच परत जाते. पत्त्याचा हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर उत्तर शोधणाऱ्यांत आपल्या मराठी माणसाचे नाव अग्रभागी आहे. संस्कृत पंडित आणि डाक खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड देशभर सुरू झाला, आणि सारख्या नावांच्या गावांमुळे होणारा पत्रांचा गोंधळ त्याने बव्हंशी मिटवला. परंतु पिनकोड टपालकचेरीपर्यंत नेतो, वस्तीपर्यंत नाही. आता गूगलचा प्लस कोड आहे, मॅपल्सचा सहा अक्षरांचा पिन आहे, आणि डाक विभागाने आयआयटी हैदराबाद व राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने २७ मे २०२५ रोजी डिजिपिन आणला आहे, ज्यात देशाची सारी भूमी सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला दहा अक्षरांचा संकेत दिला आहे. माझे मत विचाराल तर वस्तीच्या दारावर डिजिपिन रंगवावा, कारण तो कोणाच्या व्यापारावर अवलंबून नाही. मात्र हेही ध्यानात घेतले पाहिजे की संकेत घराचे स्थान सांगतो, घराकडे जाणारी वाट सांगत नाही.

ऊसवाहतुकीचे दुखणे याहून वेगळे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ही हंगामात या प्रदेशातील रस्त्यांवरील सर्वांत लांब आणि सर्वांत अवघड वस्तू आहे. अरुंद वळणावर ती वळत नाही, मागे घेणे जवळजवळ अशक्य, आणि चढावर तिची गती माणसाच्या चालीइतकी मंदावते. सर्वसामान्य फोनमधील नकाशे बहुधा मोटार, दुचाकी, पायी आणि सार्वजनिक वाहन अशा जातींना ओळखतात. ट्रॅक्टरचा चालक गावचा असेल तर त्याला नकाशा लागत नाही. परंतु ऊसतोडीला बीड-पाथर्डीकडून येणाऱ्या टोळ्यांबरोबरची वाहने परकी असतात, रात्री अनोळखी फडातून निघतात, आणि फोनने दाखवलेल्या जवळच्या वाटेने जाऊन एखाद्या मोरीवर अडकली की मागची सारी रांग पहाटेपर्यंत तिष्ठत राहते. सरकारने आणि कारखानदारीने जी एवढी प्रचंड वाहतूक उभी केली तिच्यासाठी माझ्या पाहण्यात एकही नकाशा तयार झाला नाही, ही मला या विषयातील मोठी उपेक्षा वाटते.

शनिवारी अमावस्या आली म्हणजे परीक्षा आणखी कठीण होते. २९ मार्च २०२५ आणि २३ ऑगस्ट २०२५ या दोन्ही दिवशी असा योग होता. अशा दिवशी शिंगणापूरकडे लोटणाऱ्या वाहनांसाठी पोलीस वाटा बदलतात, वाहनतळ दूर नेतात, काही रस्ते एकेरी करतात. नकाशाला हे आदेश कोणी कळवले नाहीत तर त्याला एवढेच दिसते की मुख्य रस्त्यावर गाड्या थांबल्या आहेत, आणि तो आपल्या स्वभावानुसार आजूबाजूच्या शेतरस्त्यांकडे बोट दाखवतो. एका ॲपने सांगितले म्हणून एक गाडी वळली की तिच्या मागे दहा वळतात, आणि ज्या वाटेवर एरवी बैलगाडी आणि सायकल यांच्याशिवाय काही येत नाही तिच्यावर परप्रांतांच्या क्रमांकाच्या मोटारी समोरासमोर उभ्या ठाकतात. ज्यांच्या अंगणातून ही वर्दळ जाते त्यांना कोणीही विचारलेले नसते.

हे सारे त्रासाचे झाले. जिवावरचे प्रकरण याच जिल्ह्यात आणि याच मुळा नदीवर घडले आहे. हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात उगम पावून अकोले तालुक्यातून वाहत येणारी ही नदी पुढे राहुरी तालुक्यात धरणात अडते, आणि तिच्याच पाण्यावर सोनईचा ऊस उभा राहतो. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले तीन प्रवासी रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यातील कोतूळजवळ आले. तेथील जुना पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो. ही गोष्ट परिसरातील लहान मुलालाही ठाऊक होती, फोनमधील नकाशाला ठाऊक नव्हती, आणि त्या वेळच्या वृत्तांनुसार पुलावर इशाऱ्याचा फलकही नव्हता. मोटार सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले. गाडी चालवणारा बुडाला. वर्तमानपत्रांतून गूगल मॅप्सचे नाव झळकले, आणि पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार रामगंगेत कोसळून तिघे गेले तेव्हा, तसेच जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एका महिलेची मोटार खाडीत पडली आणि ती सुदैवाने वाचली तेव्हाही, तेच नाव पुन्हा पुढे आले. कंपनीला दोष देणे सोपे आहे, आणि तो काही अंशी योग्यही आहे, कारण ज्याच्या शब्दावर कोट्यवधी लोक अंधारात गाडी चालवतात त्याने वर्षातून काही महिने बुडणाऱ्या पुलाची माहिती मिळवण्याची तजवीज केली पाहिजे. परंतु कोतूळचा पूल पाण्याखाली जाणार हे ज्या खात्याला धरणातील पातळीवरून आधीच कळत होते त्याने ते कोणत्या नकाशाला, कोणत्या रीतीने कळवावे, याची वाट तरी कोणी आखून दिली होती? गावाला ठाऊक, कचेरीला ठाऊक, आणि तरीही प्रवाशाला ठाऊक नाही, अशा अवस्थेत एक तरुण माणूस गेला, हे मला या साऱ्या प्रकरणातील असह्य सत्य वाटते. नकाशांच्या अचूकतेविषयी बोलताना आपण सेंटिमीटरच्या गोष्टी करतो. कोतूळला नकाशातील पूल त्याच्या जागेवर अगदी बिनचूक होता.

म्हणून प्रतवारीच लावावयाची तर मी ती प्रवाशागणिक लावीन. महामार्गाने येणाऱ्याने गूगल किंवा मॅपल्स यांपैकी आपल्या सोयीचे वापरावे. सणावारी, कोंडीची शक्यता असताना गूगलचे पारडे जड, अनोळखी वळणांच्या रस्त्यावर मॅपल्सच्या पूर्वसूचना मोलाच्या. महामार्ग सोडून आत शिरणाऱ्याने ऑरगॅनिक मॅप्ससारखे इंटरनेटविना चालणारे ॲप जवळ ठेवावे, आणि पावसाळ्यात किंवा रात्री डांबर संपले की थांबून माणसाला विचारावे. परंतु गावापुरते बोलावयाचे तर सोनईने आपले श्रम ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एकदा तेथे भरलेली वाट कोणालाही वापरता येते, आणि इतर कंपन्यांनाही ती परवान्याच्या अटी पाळून घेता येते. गावात महाविद्यालय आहे, भूगोल शिकणारी मुले आहेत, प्रत्येकाच्या हाती फोन आहे. एका हिवाळ्यात पंचक्रोशीतील वस्त्या, मोऱ्या आणि बारमाही वाटा त्यांच्या लोकरूढ नावांनिशी देवनागरीत भरणे हे अशक्य कोटीतील काम नाही.

या कामासाठी लागणारी माहितीही नव्याने शोधावयाची नाही. ती वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडून आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांची भूस्थानिक माहिती केंद्र सरकारने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली आहे. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून झालेल्या पाणंद रस्त्यांची यादी पंचायत समितीत आहे. वहिवाटीच्या वाटांबद्दलचे निकाल तहसील कचेरीत आहेत, आणि शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याविषयी शासनाने २०२५ मध्ये आदेश काढल्यामुळे त्यांत भर पडत जाणार आहे. कालव्याच्या आवर्तनाच्या तारखा, म्हणजे कोणती चारी कोणत्या आठवड्यात वाहणार आणि तिच्यावरील कोणती ओलांडणी बंद पडणार, हे पाटबंधारे शाखेला आधीच ठाऊक असते. कोणत्या गटातील ऊस कोणत्या पंधरवड्यात तुटणार याची क्रमवारी कारखान्याच्या शेती विभागात असते. शनी अमावस्येला कोणता रस्ता एकेरी, कोणता वाहनतळ कोठे, हा आदेश पोलीस ठाण्यात असतो. यांतील बहुतेक कागद आज कोणत्याही नकाशात जाताना दिसत नाहीत. ग्रामपंचायतीने एका कर्मचाऱ्याकडे हे काम सोपवावे, रस्ता बंद झाल्याची नोंद त्याने त्याच दिवशी खुल्या नकाशात करावी, आणि शासनाने कंपन्यांना बंधनकारक करावे की सक्षम स्थानिक अधिकाऱ्याने बंद म्हणून कळवलेल्या रस्त्यावर त्यांनी वाहन पाठवू नये, व दुरुस्ती नाकारल्यास कारण लेखी द्यावे. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो, रब्बीचे आवर्तन त्याच सुमारास सुटते. पहिली यादी लावण्यास ग्रामसभेला हाच काळ योग्य आहे, आणि तिचा आरंभ चारीवरच्या ज्या ओलांडण्यांना नळीची मोरी नाही त्यांच्यापासून व्हावा.